‘ट्रूइझम’ : एका संज्ञेची अर्थचिकित्सा

१

परभाषेतील काही शब्द असे असतात, की त्यांना मराठी पर्याय सुचविणे अवघड नसते. उलट तो पर्याय फार सहज सुचतो आणि त्या सहजतेतच अनर्थाचे बीज असते. ‘ट्रूइझम’ हा इंग्रजी शब्द या वर्गातला आहे. त्याचा अर्थ विचारला असता ‘स्वयंसिद्ध सत्य’ असे उत्तर तत्काळ मिळते. ‘ॲक्सिअम’ या शब्दाचा अर्थ विचारला तरी हेच उत्तर मिळते. इंग्रजीत मात्र हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सहसा येत नाहीत. एखाद्या विधानास ‘ॲक्सिअम’ म्हणणे म्हणजे त्यास शास्त्राच्या पायाशी बसविणे होय. त्यासच ‘ट्रूइझम’ म्हणणे म्हणजे ‘हे सांगावयास तुम्ही कशाला हवे होता?’ असे वक्त्यास सुनावणे होय. एक गौरव आहे, दुसरा उपहास आहे. दोहोंसाठी एकच मराठी शब्द वापरला, की गौरव आणि उपहास यांतील भेद पुसला जातो.

हा केवळ कोशकारांचा प्रश्न असता तर त्यासाठी या पत्रिकेची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिका तपासताना ‘हे स्वयंसिद्धच आहे’ हे वाक्य प्रस्तुत लेखकास वारंवार आढळते, आणि जेथे पुराव्याची सर्वाधिक गरज असते, नेमके तेथेच ते आढळते. म्हणून या संज्ञेच्या अर्थाची फोड करणे हे आपल्या अभ्यासपद्धतीच्या शुद्धीचेही काम आहे.

२

प्रथम इंग्रजी शब्दांकडे पाहू. ‘ॲक्सिअम’ हा मूळचा ग्रीक शब्द. ‘योग्य’, ‘पात्र’ अशा अर्थाच्या विशेषणापासून तो सिद्ध झाला आहे. म्हणजे व्युत्पत्तीने त्याचा अर्थ ‘मान्यतेस पात्र ठरविलेले’ असा होतो. पात्र ठरविणारा कोणी तरी आहे, ही सूचना शब्दाच्या पोटातच आहे. युक्लिडच्या भूमितीत मात्र या जातीच्या विधानांना दिलेले नाव ‘सर्वसामान्य कल्पना’ असे आहे. ‘समानास समान असलेल्या वस्तू परस्परांस समान असतात’ हे त्यांतील पहिले विधान. त्यांच्याहून वेगळी अशी पाच ‘मागणी-विधाने’ युक्लिडने दिली. ती सर्वांना ठाऊक आहेत असा त्याचा दावा नाही. ती मान्य करावी, एवढीच विनंती आहे.

पुढे समांतर रेषांविषयीच्या पाचव्या मागणीनेच या शास्त्राचा इतिहास बदलला. लोबाचेव्हस्कीने १८२९ मध्ये व बोल्याईने १८३२ मध्ये ती मागणी नाकारूनही सुसंगत भूमिती रचता येते, असे प्रसिद्ध केले. हिल्बर्टच्या १८९९ मधील ग्रंथानंतर तर ‘ॲक्सिअम’ सत्य आहे काय, हा प्रश्नच गणितापुरता मागे पडला. ते इतर विधानांशी सुसंगत आहे काय, हा प्रश्न पुढे आला. आमच्या भाषाशास्त्रातही ब्लूमफील्डने १९२६ मध्ये या शास्त्राची मूलभूत विधाने मांडली तेव्हा त्यांस ‘पॉस्च्युलेट’ म्हणजे मागणी असेच नाव दिले.

‘ट्रूइझम’ हा त्या मानाने अर्वाचीन शब्द आहे. ‘खरे’ या अर्थाच्या साध्या इंग्रजी शब्दास प्रत्यय लावून तो अठराव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आला. ज्या काळात तो निपजला त्या काळाची मनोवृत्ती लॉकच्या १६९० च्या निबंधात दिसते. त्याच्या चौथ्या भागातील सातवे प्रकरण सर्वमान्य सूत्रांविषयी आहे आणि लगतचे आठवे प्रकरण क्षुल्लक विधानांविषयी आहे. ही दोन प्रकरणे शेजारी शेजारी असावीत, हा योगायोग नव्हे. अशा सूत्रांनी नवे ज्ञान होत नाही. वादात प्रतिपक्षाचे तोंड बंद करण्यास मात्र त्यांचा उपयोग होतो, असे लॉकचे म्हणणे आहे. हे म्हणणे वाचकाने ध्यानात ठेवावे. लेखाच्या शेवटी त्याची गरज लागणार आहे.

३

आता मराठीकडे वळू. आपल्या वर्गांत आणि पुस्तकांत ‘ॲक्सिअम’साठी ‘स्वयंसिद्ध तत्त्व’ आणि ‘गृहीतक’ असे दोन शब्द रूढ आहेत. ते समानार्थी मानले जातात. वस्तुतः ते एकमेकांच्या विरुद्ध दिशांनी पाहतात. ‘गृहीतक’ या शब्दात घेणारा आहे. ‘मला गृहीत धरू नका’ असे आपण घरात म्हणतो, तेव्हा कोणी तरी न विचारता काही घेतले आहे, ही तक्रार त्यात असते. ‘स्वयंसिद्ध’ या शब्दात घेणारा नाही, देणारा नाही, साक्षीदारही नाही. सत्य स्वतःच उभे आहे. ज्यास ग्रीकांनी ‘पात्र ठरविलेले’ म्हटले, त्यास आपण ‘आपोआप सिद्ध झालेले’ म्हणू लागलो. भाषांतरात कर्ता गळाला.

आपल्या मराठवाड्यापुरता या कथेत आणखी एक पदर आहे, आणि तो विसरला जाऊ नये. नांदेड जिल्हा आणि आजचा लातूर जिल्हा हे दोन्ही प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, आणि त्यासाठी पाश्चात्त्य शास्त्रांची परिभाषा उर्दूत आणण्याचे काम १९१७ पासून तेथील भाषांतर-विभागात चालले होते. त्या उर्दू भूमितीत ‘ॲक्सिअम’ला ‘उलूम-ए-मुतआरिफा’ म्हणत आणि ‘पॉस्च्युलेट’ला ‘उसूल-ए-मौजूआ’ म्हणत. पहिल्याचा अर्थ ‘सर्वांच्या परिचयाच्या गोष्टी’ आणि दुसऱ्याचा ‘घालून दिलेली तत्त्वे’. अरबी परंपरेतून आलेल्या या संज्ञांनी युक्लिडचा मूळ भेद जसाच्या तसा राखला आहे. ज्या पिढीने या भागात उर्दूतून भूमिती शिकली, तिला संज्ञेच्या उच्चारातच कळत होते की एक गोष्ट लोकांना ठाऊक आहे आणि दुसरी कोणी तरी मांडली आहे. माध्यम बदलले, हे इष्टच झाले. परंतु परिभाषेतला हा विवेक त्या बदलात मागे राहिला.

तो विवेक संस्कृतात नव्हता असेही नाही. न्यायसूत्रांत सिद्धान्ताचे चार प्रकार सांगितले आहेत. सर्व शास्त्रांना मान्य तो सर्वतंत्रसिद्धान्त. आपल्याच शास्त्रात मान्य तो प्रतितंत्रसिद्धान्त. जो सिद्ध झाला असता इतर गोष्टी ओघाने सिद्ध होतात तो अधिकरणसिद्धान्त. आणि परीक्षा न करता, विशेष विचारासाठी तूर्त मान्य केलेला तो अभ्युपगमसिद्धान्त. यांत ‘कोणाला मान्य?’ हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी जागा आहे. सर्वतंत्रसिद्धान्त युक्लिडच्या सर्वसामान्य कल्पनेजवळ येतो, अभ्युपगम मागणीजवळ येतो. ‘स्वयंसिद्ध’ हा शब्द संस्कृत दिसतो म्हणून तो आपल्या शास्त्रपरंपरेचा निष्कर्ष आहे, असे मानण्याचे कारण नाही.

४

‘ट्रूइझम’ला मात्र वरील चारही प्रकारांत जागा नाही, कारण तो सत्याचा प्रकारच नव्हे, तो बोलण्याचा प्रकार आहे. ‘अग्नी उष्ण असतो’ हे सत्य कोणी उच्चारले नाही तोवर ते ‘ट्रूइझम’ नसते. ज्यास ते ठाऊक आहे त्यास ते माहिती म्हणून सांगितले, की ते ‘ट्रूइझम’ होते. म्हणून त्याचा शोध ज्ञानशास्त्रापेक्षा वाक्यार्थविचारात घेतला पाहिजे.

मीमांसकांनी तो घेतलेला आहे. अन्य प्रमाणाने जे आधीच ज्ञात आहे त्याचे पुनःकथन करणाऱ्या वाक्यास ते ‘अनुवाद’ म्हणतात. अग्नी हा थंडीवरील उपाय आहे, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. असे वाक्य निरर्थक ठरू नये म्हणून मीमांसक सांगतात, की ते स्वतंत्रपणे वाचू नये. ज्या विधीची ते स्तुती करते त्या विधीशी जोडून वाचावे. नैयायिक मात्र कठोर आहेत. प्रतिपक्षास मान्यच असलेली गोष्ट सिद्ध करू पाहणे हा त्यांच्या मते ‘सिद्धसाधन’ नावाचा दोष होय. आपण व्यवहारात ‘पिष्टपेषण’ म्हणतो ते याच जातीचे. आणि ‘हातच्या कांकणाला आरसा कशाला’ ही म्हण म्हणजे लोकांनी केलेली याच दोषाची व्याख्या होय.

साहित्यशास्त्रातही हा वाद गाजला आहे. सूर्य मावळला, चंद्र प्रकाशू लागला, पक्षी घरट्याकडे निघाले — याला काव्य म्हणावयाचे काय, असा प्रश्न विचारून भामहाने त्यास केवळ ‘वार्ता’ ठरविले. परंतु ‘सूर्य मावळला’ हेच वाक्य मम्मटाने हाती घेतले आणि श्रोत्यापरत्वे त्यातून निरनिराळे अर्थ कसे निघतात ते दाखविले : सेनापतीला हल्ल्याची वेळ, अभिसारिकेला निघण्याची वेळ, गुराख्याला गुरे वळविण्याची वेळ. वाक्य तेच, त्याचे ‘वार्ता’पण शब्दांत नव्हते, ते संदर्भाच्या अभावात होते.

मराठी बोलण्यातील तादात्म्यवाक्ये याची साक्ष देतात. ‘आई ती आई’, ‘पोरे ती पोरेच’, ‘नियम म्हणजे नियम’ ही वाक्ये तर्कदृष्ट्या काहीही सांगत नाहीत, तरी ती ऐकून कोणी ‘बरे, मग?’ असे विचारीत नाही. शिवाय त्यांत एक व्यवस्था आहे. ‘तो-ती-ते’ने जोडलेले वाक्य सामान्यतः गौरव करते किंवा क्षमा मागते, ‘म्हणजे’ने जोडलेले वाक्य सवलत नाकारते. ‘पोरे ती पोरेच’ असे म्हणून आजी नातवंडांना वाचविते. ‘नियम म्हणजे नियम’ असे म्हणून कारकून खिडकी बंद करतो. उघड सत्य उच्चारणे हे येथे कथन नसून कृती आहे.

लातूरकरांस याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. ‘पाणी हेच जीवन’ हे वाक्य भिंतींवर इतके रंगविले गेले, की ते कोणी वाचीत नाही. संस्कृतात ‘जीवन’ या शब्दाचा एक अर्थच ‘पाणी’ असल्यामुळे ते अक्षरशः तादात्म्यवाक्य आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीस दहा टाक्या होत्या व त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या दिवसांत हंडे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे वाक्य पिष्टपेषण वाटले नसेल. त्याला विधी जोडला गेला होता : जपून वापरा. मीमांसकांचे म्हणणे रांगेत सिद्ध झाले.

५

तेव्हा पर्यायाचा निर्णय काय करावा? गणित व तर्कशास्त्र यांतील आधुनिक अर्थाच्या ‘ॲक्सिअम’साठी ‘गृहीतक’ हाच शब्द राखावा; त्यातील प्रामाणिकपणा हा त्याचा गुण आहे. जुन्या अर्थासाठी, म्हणजे सर्वांस मान्य अशा मूलतत्त्वासाठी, ‘सर्वमान्य तत्त्व’ पुरेसे आहे. ‘ट्रूइझम’साठी ‘पुनरुक्ती’ चालणार नाही, कारण तेथे एकाच लेखात तेच दुसऱ्यांदा आलेले असते. येथे ते प्रथमच येते, पण श्रोत्यापाशी आधीच असते. ‘अनुवाद’ हा अचूक शब्द भाषांतराच्या अर्थाने केव्हाच गुंतला आहे. म्हणून ‘सिद्धसाधना’चा संबंध ध्यानात ठेवून ‘सिद्धोक्ती’ असा शब्द सुचवावासा वाटतो. अतिशयोक्ती, पुनरुक्ती, वक्रोक्ती यांच्या पंगतीत तो मराठी कानास परका वाटू नये. ज्यास तो जड वाटेल त्याने खुशाल ‘उघड बोल’ म्हणावे. कोणताही शब्द घेतला तरी त्यात उच्चाराची खूण असली पाहिजे, एवढाच आग्रह आहे.

आणि ‘स्वयंसिद्ध’? हा शब्द आपण फार जपून वापरावा. पृथ्वीस संस्कृतात ‘अचला’ असे नाव आहे. दख्खनचे पठार स्थिर आहे, ही समजूतही दीर्घकाळ पक्की होती. १९६७ मध्ये कोयनेने ती हलविली, तरी आपल्या भागात ती टिकून राहिली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. ‘अचला’ हे नाव म्हणजे सिद्धान्त नव्हता, अभ्युपगम होता; तो तसा आहे हे शब्दाने सांगितले नाही.

आपल्या अभ्यासविषयात भूकंप होत नाहीत, परंतु माणसे गाडली जातात. ‘प्रमाण मराठी शुद्ध आणि आमच्याकडची बोली अशुद्ध’ हे विधान या दोन जिल्ह्यांतील कितीतरी विद्यार्थी आजही स्वयंसिद्ध मानून वर्गात येतात, आणि म्हणून वर्गात बोलत नाहीत. वस्तुतः ज्या लेखननियमांच्या आधारे हा निवाडा होतो ते मराठी साहित्य महामंडळाने तयार केले व महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत भर पडली. म्हणजे ते ठराविक दिवशी, ठराविक लोकांनी, सोयीसाठी घालून दिलेले आहेत. उर्दू शाळेतील जुन्या विद्यार्थ्याने त्यांस बिनदिक्कत ‘उसूल-ए-मौजूआ’ म्हटले असते. ते पाळावे, प्रस्तुत लेखही ते पाळतो; परंतु गृहीतक म्हणून पाळावे. त्यांस स्वयंसिद्ध म्हटले, की लॉकने सांगितलेला उपयोग तेवढा उरतो : समोरच्याचे तोंड बंद करणे.

प्रबंधिका लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून एवढे करावे. ‘हे स्वयंसिद्ध आहे’ असे लिहिण्याचा मोह होईल तेथे थांबून दोन प्रश्न विचारावे : हे कोणाला मान्य आहे? आणि ज्यास मान्य आहे त्यास मी हे कशासाठी सांगत आहे? पहिल्या प्रश्नास उत्तर नसेल तर पुरावा द्यावा. दुसऱ्यास नसेल तर वाक्य खोडावे.