चपराकीनंतर

नॉर्मन ज्युइसन यांचा ‘इन द हीट ऑफ द नाइट’ (१९६७) पाहिलेल्या कोणालाही विचारा; खून कोणाचा झाला हे तो विसरलेला असतो, चपराक मात्र लक्षात असते.

मिसिसिपीतल्या स्पार्टा गावात कारखाना काढायला आलेला शिकागोचा उद्योगपती मारला जातो. पोलीस रेल्वे स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलेल्या काळ्या माणसाला उचलतात. पुरावा काय? कातडीचा रंग आणि पाकिटातले पैसे. काळ्याच्या खिशात एवढे पैसे, म्हणजे चोरीचेच! हे तर्कशास्त्र आपल्याला परके नाही. माणूस निघतो फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी व्हर्जिल टिब्स, खुनाच्या तपासातला तज्ज्ञ. पगार आठवड्याला १६२ डॉलर ३९ सेंट. गावचा गोरा पोलीसप्रमुख गिलेस्पी या आकड्यानेच घायाळ होतो.

मळेवाला एन्डिकॉट काचगृहात ऑर्किड जोपासतो. आपल्यावर संशय आहे हे कळताच तो टिब्सच्या थोबाडीत मारतो. टिब्स त्याच क्षणी उलट लगावतो. ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला १९६६ साली; ते नाव १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी घेतले. या दोन सालांमधली ही चपराक. तिचे मोल मी कमी करणार नाही.

पण पटकथा पुढे काय करते? एन्डिकॉटला खाली खेचण्याची टिब्सची ईर्षा पाहून गिलेस्पी त्याला सुनावतो, तूही आमच्यासारखाच! आणि पटकथा गिलेस्पीच्या बाजूने उभी राहते. पिढ्यान्‌पिढ्यांची लूट आणि त्या लुटीविषयीचा संताप एकाच तराजूत! खुनी ठरतो उपाहारगृहातला गरीब गोरा नोकर. एन्डिकॉट निर्दोष, या खुनापुरता. त्याचा दुसरा गुन्हा मोटारीच्या काचेतून दिसतो: काळी माणसे कापूस वेचत आहेत. हे काम तुझ्यासाठी नाही, असा टोमणा गिलेस्पी मारतो. टिब्स गप्प. घरातला पहिला पदवीधर म्हणून एसटीच्या खिडकीतून मी आपली माणसे अशीच वाकलेली पाहिली आहेत. तो गप्पपणा मला कळतो. चित्रपट मात्र तिथे थांबत नाही, मोटार पुढे जाते.

शेवटी गिलेस्पी टिब्सची बॅग उचलतो आणि उदारमतवादी गहिवरतात. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ची. त्यामुळे दोन दिवस पुढे ढकललेल्या ऑस्कर समारंभात, १० एप्रिलला, हा चित्रपट सर्वोत्कृष्ट ठरला. सर्वोत्कृष्ट अभिनेता गिलेस्पी झालेला रॉड स्टायगर. टिब्स साकारणाऱ्या सिडनी पॉयटिएला नामांकनही नव्हते. हृदयपरिवर्तनाचे बक्षीस ज्याचे हृदय बदलले त्याला! अपमान गिळून उभे राहणे हा जणू अभिनयच नव्हे.

मला आठवत राहतो तो काचगृहातला काळा नोकर. चपराक बसली तेव्हा तो ट्रे घेऊन तिथेच होता. टिब्स मोटारीत बसून गेला. मालक रडू लागला. ते रडणे ओसरल्यावर राग कोणावर निघाला असेल, याचा तपास पटकथेने केलेला नाही.