माणसांची भिंत

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली रंगभूमीवर आले, तेव्हा वाद माजला तो नाना फडणवीसांच्या चारित्र्यावरून. नाटकातील सत्ताविचार त्यामुळे बाजूस पडला. मुलीच्या मोबदल्यात कोतवाली, हा सौदा कथानकापुरता खरा. परंतु नाटकाचे मर्म मला ब्राह्मणांच्या त्या सजीव पडद्यात दिसते. जी माणसे भिंत होऊन सत्तेची गुपिते झाकतात, तीच बावनखणीत रमतात, कीर्तनात डोलतात आणि प्रेत जाळावयासही परवाना लागू लागला म्हणजे आक्रोश करतात. त्यांचे स्वातंत्र्य घाशीरामाने हिरावले असे म्हणणे अपुरे आहे. त्याआधीच त्यांनी ते करमणुकीपायी गहाण टाकले होते. १७९१ साली पुण्यातील जमावाने घाशीरामास दगडांनी ठेचून मारले, हा इतिहास. नाटकात मात्र त्यानंतर नाना उत्सवाचा हुकूम देतो, आणि लोक तोही पाळतात!

येथे एक आक्षेप नोंदविला पाहिजे. या साऱ्या गर्दीत ‘नाही’ म्हणणारा कोण? चोरीचा आळ आलेला ब्राह्मण तप्त गोळ्याच्या दिव्यापुढे नाकारतो खरा. पण त्याचा नकार वेदनेच्या किंकाळीपलीकडे जात नाही आणि नाटककारही त्याच्याकडे पुन्हा वळत नाही. व्यक्ती नाटकात उभीच न राहिल्याने तिचे दमन हे केवळ दृश्य ठरते. नाच आणि गाणे यांची मोहिनी तर अशी की प्रेक्षकही नकळत त्या भिंतीतच जाऊन उभा राहतो. हा नाटककाराचा डाव आहे असे काहींचे म्हणणे. तो डाव असला, तरी टाळ्या वाजवीत घरी जाणाऱ्या प्रेक्षकास त्याची जाणीव झाल्याचे दिसत नाही.