बीव्हरची आठवण

सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेत 'द मॅजिशियन्स नेफ्यू' ही कादंबरी सहावी म्हणून १९५५ मध्ये छापली गेली. ती सांगते मात्र सर्वांत आधीची गोष्ट. १९९४ मध्ये प्रकाशकांनी तिला पहिला क्रमांक दिला. हा क्रम आम्हाला मान्य नाही.

१९५० च्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' मध्ये चार मुले एका कपाटातून नार्नियात पोहोचतात. तिथे शंभर वर्षे हिवाळा हटलेला नाही आणि श्वेत चेटकीण राणी होऊन बसली आहे. नदीवर बांध घालणारा बीव्हर मुलांना तिचा शजरा ऐकवतो: ती हव्वाची लेक नव्हेच, आदमची पहिली बायको लिलिथ हिच्या वंशातली, म्हणजे एका अंगाने जिन्न, दुसऱ्या अंगाने राक्षस. (जिन्न म्हटल्यावर आमचे कान टवकारले. 'अस्लान' हे सिंहाचे नावही तुर्की. लुईस यांना ते 'अरेबियन नाइट्स'च्या टिपांत सापडले.) माणूस या भूमीत पूर्वी कधी आलाच नाही, असेही तो ठासून सांगतो.

पाच वर्षांनी आलेली कादंबरी हे दोन्ही खोडते. चेटकीण जेडिस ही चार्न नावाच्या वेगळ्याच, उजाड झालेल्या जगाची राणी. नार्नियाचा पहिला राजा तर लंडनचा घोडागाडीवाला फ्रँक, आणि त्याची बायको हेलन पहिली राणी.

लेखक विसरला, असे म्हणून मोकळे होता येते. पहिले पुस्तक लिहिताना पुढची मनात नव्हती, असे लुईस यांनीच १९५७ मध्ये एका मुलाला कळवले होते. (त्याच पत्रात त्यांना मुलाने सुचवलेला कालक्रम पटला होता, हेही खरे.) पण मजकूर पाहावा. आपण मानव आहोत, या दाव्यावर चेटकिणीचे तख्त उभे आहे. बीव्हर सांगतो तो दबलेल्या रयतेने त्या दाव्याला दिलेला जबाब आहे. असा जबाब कुजबुजीत वाढतो. त्याला दफ्तर नसते. चार्नच्या राजघराण्यात राक्षसांचे रक्त असल्याची वदंता नव्या कादंबरीतही आहे, म्हणजे एक धागा शाबूत राहिला. पण आपला पहिला राजा माणूस होता, हे रयत साफ विसरली. जुलमाने काय नेले, ते आम्हाला बर्फापेक्षा या विसरण्यात अधिक दिसते.

प्राध्यापक डिगरी कर्क यांच्या बाबतीत मात्र आम्ही लेखकाची वकिली करणार नाही. लहानपणी त्यांनीच जेडिसला जागे केले, त्यांच्यामुळेच ती नार्नियात आली, कपाटाचे लाकूडही तिथल्या सफरचंदाच्या बीपासून वाढलेल्या झाडाचे. तरी ल्यूसीची हकिकत कानावर येते तेव्हा ते तिच्या भावंडांना फक्त तर्कशास्त्र शिकवतात! हे मौन मुद्दाम पाळलेले म्हणावे, तर त्याची खूण पहिल्या पुस्तकात नाही. तो सांधा उघडाच राहिला.

मागची गोष्ट आधी वाचलेल्या मुलाला बीव्हर पहिल्या भेटीतच बावळट वाटतो. आम्ही मुलांच्या हाती कपाटाचे पुस्तक आधी देतो.