तिकिटाचा हक्क : ‘रेत्रातुस फांतास्मास’मधील वस्ती, चित्रपटगृह आणि स्मरण

जुन्या वस्तीत परतलेला माणूस मराठी ललित गद्याला नवा नाही. वाडा पडला, चाळीच्या जागी मनोरा उभा राहिला, शाळेच्या वाटेवरचा पिंपळ रस्तारुंदीत गेला आणि ज्या थिएटरात पहिल्यांदा तास बुडवून खेळ पाहिला तेथे आता साड्यांचे दुकान आहे, या क्रमाने जाणारे लेखन दिवाळी अंकांतून विपुल प्रमाणात आढळते. समीक्षेने अशा लेखनासाठी ‘स्मरणरंजन’ ही संज्ञा योजली आणि ती बहुधा ठपक्याच्या सुरातच वापरली. हा ठपका सर्वस्वी अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. मात्र तो ठेवून झाल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो. एखाद्या वास्तूवर, तेथे कधीकाळी तिकीट काढून बसलेल्या माणसाचा नेमका कोणता हक्क असतो? मालकाजवळ खरेदीखत असते, भाडेकरूजवळ भाडेपावती असते. प्रेक्षकाजवळ फार तर फाडलेल्या तिकिटाचा अर्धा तुकडा.

क्लेबर मेन्दोन्सा फिल्यू या ब्राझिलियन दिग्दर्शकाचा ‘रेत्रातुस फांतास्मास’ (२०२३) हा माहितीपट या प्रश्नाच्या संदर्भात पाहण्याजोगा आहे. शीर्षकाचा अर्थ ‘भुतांची चित्रे’ असा सांगता येईल. ब्राझीलच्या ईशान्येकडील पेर्नांबुको राज्याची राजधानी रेसिफे हे दिग्दर्शकाचे गाव. १९६८ मध्ये तेथेच जन्मलेला हा दिग्दर्शक चित्रपटनिर्मितीकडे वळण्यापूर्वी वृत्तपत्रांतून चित्रपटसमीक्षा लिहीत असे. २०२३ च्या कान महोत्सवात दाखविला गेलेला हा माहितीपट तीन भागांत विभागलेला असून पहिला भाग सेतूबाल या वस्तीतील आईच्या सदनिकेविषयी, दुसरा मध्य रेसिफेतील चित्रपटगृहांविषयी आणि तिसरा त्या चित्रपटगृहांच्या जागी आलेल्या प्रार्थनागृहांविषयी आहे. निवेदन स्वतः दिग्दर्शकाचे आहे. आवाज सपाट, काहीसा मिस्कील. गहिवर त्यात क्वचितच येतो.

चित्रपटगृहांविषयीचा चित्रपट घरापासून का सुरू व्हावा, असा आक्षेप प्रथमदर्शनी मनात येतो. त्याचे उत्तर त्या घराच्या उपयोगात आहे. या सदनिकेत दिग्दर्शक वाढला, विवाहानंतरही राहिला आणि आपल्या चित्रपटांचे चित्रीकरण त्याने तेथेच वारंवार केले. हौशी व्हिडिओपासून ‘ओ सोम आओ रेदोर’ (२०१२) या पहिल्या कथापटापर्यंत तेच स्वयंपाकघर, त्याच खिडक्या, तीच गच्ची पुनःपुन्हा पडद्यावर येतात. घराच्या खिडक्यांना गज येतात, शेजारच्या भिंती उंच होतात, शेजाऱ्याच्या रिकाम्या घराला वाळवी लागते. आणि हे सारे निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या दर्जाच्या फितींवर टिपले गेले असल्याने चित्राचा पोतच काळ सांगतो. दिग्दर्शकाला वेगळ्या वर्षांकाची पाटी लावण्याची फारशी गरज उरत नाही.

या भागातील शेजारच्या कुत्र्याचा प्रसंग विशेष उल्लेखनीय आहे. नीको नावाच्या या कुत्र्याच्या भुंकण्याने घरातील सर्व जण हैराण झालेले असतात. ते भुंकणे ‘ओ सोम आओ रेदोर’च्या ध्वनिपटावरही आले. पुढे नीको मेला. एके रात्री मात्र त्याचे भुंकणे पुन्हा ऐकू आले. दूरचित्रवाणीवर तोच चित्रपट चालू होता. भुताची याहून अचूक व्याख्या माहितीपटात अन्यत्र नाही. येथे भूत म्हणजे अलौकिक काही नव्हे. यंत्राने जतन केलेली आणि आपल्या मूळ जागी अनपेक्षितपणे परतलेली नोंद, एवढेच. या अर्थाने पाहिल्यास पुढील दोन भागांत चित्रपटगृहांकडे भुते म्हणून का पाहिले जाते, ते उलगडते.

दिग्दर्शकाची आई जुझेलीसी जुका या इतिहासकार होत्या. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जुन्या मुलाखतीतील अंश चित्रपटात येतो आणि त्यात मौखिक इतिहासाचा विषय निघतो. कागदपत्रांत जे आले नाही ते माणसांच्या बोलण्यातून मिळवावे, ही त्या अभ्यासपद्धतीची मूळ धारणा. मुलाने आईचे हे साधन हाती घेतले आहे की नाही, हा प्रश्न या चित्रपटाच्या मूल्यमापनात कळीचा ठरतो. त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

दुसऱ्या भागात मध्य रेसिफे येते. नदी, पूल आणि पुलांच्या दोन्ही टोकांना दाटीने उभी असलेली चित्रपटगृहे : त्रियानोन, आर्त पालासियु, मोदेर्नु, वेनेझा, साओ लुईस. येथे दिग्दर्शकातील जुना वार्ताहर जागा होतो. आर्त पालासियुचा संबंध जर्मनीतील उफा या चित्रसंस्थेशी होता आणि ही संस्था नात्सी राजवटीच्या प्रचारयंत्रणेचा भाग होती, ही माहिती तो कोणताही आव न आणता देतो. परिणामी रम्य भूतकाळाची प्रतिमा तेथेच तडकते. दर्शनी फलकांवरील चित्रपटांची नावेही तो निव्वळ हौसेने दाखवीत नाही. १९६४ ते १९८५ या लष्करी राजवटीच्या काळात रस्त्यावर ठळक अक्षरांत झळकणारे शीर्षक कधी अभावितपणे राजकीय भाष्य होऊन बसे, याकडे तो लक्ष वेधतो. टोनी कर्टिस आणि जेनेट ली यांची रेसिफे-भेटही येते. तिच्यावर फार वेळ घालविलेला नाही आणि ते योग्यच आहे.

या भागाचा प्राण मात्र आलेशांद्रे हा आर्त पालासियुचा प्रक्षेपक होय. १९९० च्या दशकारंभी, हे चित्रपटगृह बंद पडत असताना, तरुण मेन्दोन्सा फिल्यूने व्हिडिओ कॅमेऱ्यावर त्याचे चित्रण केले होते. त्यातून १९९२ मध्ये ‘ओमें दि प्रोझेसाओ’ हा लघुपट झाला आणि तीच फीत तीस वर्षांनी येथे पुन्हा वापरली गेली. उकाड्याने कोंदलेल्या प्रक्षेपण कक्षात उघड्या अंगाने वावरणारा हा गृहस्थ यंत्राला हात लावतो तेव्हा त्या हालचालीत सवयीची सहजता असते. ‘गॉडफादर’ इतके दिवस चालला की त्याला त्या चित्रपटाचा वीट आला होता, हे तो हसत सांगतो. प्रेक्षकाने ज्याची आठवण जन्मभर जपावी, ती कलाकृती प्रक्षेपकाला रोजची पाटी टाकण्यासारखी होती! स्मरणरंजनपर लेखनात थिएटरातील नोकरवर्ग बहुधा बॅटरी दाखविणाऱ्या सावलीपुरता येतो. येथे त्याला नाव, आवाज आणि कंटाळण्याचा अधिकार मिळाला आहे. दरवाजाला अखेरचे कुलूप लावण्याची वेळ येते तेव्हा त्याच्या बोलण्यात जे कढ येतात, ते म्हणूनच उसने वाटत नाहीत. तेथे एका माणसाचे काम संपत असते.

तिसऱ्या भागाचा विषय ब्राझीलमधील अनेक शहरांना परिचित आहे. मोठी, खांब नसलेली, उतरत्या आसनव्यवस्थेची आणि मोक्याच्या रस्त्यावरील दालने इव्हँजेलिकल पंथांच्या प्रार्थनासभांना सोयीची ठरली. चित्रपटगृहे तोट्यात जाताच ती त्यांनी घेतली. दुसरा मार्ग व्यापारी संकुलाचा. वेनेझा त्या मार्गाने गेले. साओ लुईस तेवढे राज्य शासनाच्या हाती आल्यामुळे चित्रपटगृह म्हणून टिकले. पडद्याच्या दोन्ही बाजूंस रंगीत काचेची नक्षी असलेले हे १९५२ मधील भव्य दालन चित्रपटात उजळून निघते आणि प्रेक्षक नकळत त्याच्या बाजूने उभा राहतो. नेमक्या याच ठिकाणी दिग्दर्शक सांगतो की साओ लुईस ज्या जागेवर उभे आहे तेथे पूर्वी इंग्रजांचे अँग्लिकन चर्च होते. ते पाडून ही वास्तू झाली.

हा तपशील वरकरणी गमतीचा आहे. वस्तुतः तो संपूर्ण चित्रपटाची मांडणी पालटून टाकतो. चित्रपटगृहाच्या जागी चर्च आले याचे दुःख करावयाचे, तर चर्चच्या जागी चित्रपटगृह आले तेव्हा कोणी दुःख केले असेल, हेही मान्य करावे लागते. त्या दालनात तरुणपण घालविलेल्या पिढीची आठवण म्हणजे त्या जागेचा आरंभ नव्हे. स्मरणरंजनाला एक निर्मळ आरंभबिंदू लागतो, आणि तो येथे दिग्दर्शकाने स्वतःच्या हाताने काढून घेतला आहे. आपल्याकडील उदाहरण घेऊन हा मुद्दा स्पष्ट करता येईल. गिरगावातील मॅजेस्टिक सिनेमात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलमआरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. ते चित्रपटगृह पाडले गेले आणि त्या जागी त्याच नावाचे व्यापारी संकुल उभे राहिले. त्याच परिसरातील कोरोनेशनमध्ये ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला होता. तेही आज नाही. या दोन तारखा आपल्या अभ्यासकांना मुखोद्गत असतात. मॅजेस्टिकच्या प्रक्षेपकाचे नाव मात्र सहसा कोणाला सांगता येत नाही. संकुलातील गाळ्यांत आज कोण बसते, हा प्रश्न तर चित्रपटेतिहासाच्या कक्षेत येतो असेच कोणाला वाटत नाही.

हाच प्रश्न ‘रेत्रातुस फांतास्मास’लाही विचारणे न्याय्य ठरेल. येथे या चित्रपटाची मर्यादा स्पष्ट होते. आलेशांद्रे बोलतो, परंतु जुन्या चित्रपटगृहात आज प्रार्थनेला बसणारी बाई बोलत नाही. व्यापारी संकुलातील विक्रेता बोलत नाही. कॅमेरा त्यांना पाहतो, निवेदन त्यांच्याविषयी सभ्यतेने बोलते, उपहासाचा मोह टाळते. तरीही ते त्या जागेचे वर्तमान रहिवासी या नात्याने साक्षीला उभे राहत नाहीत. दिग्दर्शकाच्या बाजूने असे म्हणता येईल की हा व्यक्तिगत निबंध आहे, सर्वेक्षण नव्हे. हा बचाव अंशतःच मान्य करता येतो. ज्या चित्रपटाने आरंभीच मौखिक इतिहासाची पद्धती वारसा म्हणून पुढे ठेवली, त्याने तिसऱ्या भागात ती सोडून द्यावी, ही विसंगती निबंधाच्या स्वातंत्र्यात विरघळून जात नाही. आठवड्याचा पगार झाल्यावर सिनेमाला येणारा कामगार आणि आज त्याच दालनात गुडघे टेकणारा कामगार यांच्यात काही नाते असू शकेल. दोघांनाही भर वस्तीत, छताखाली, दोन तास बसावयाला जागा हवी होती. ही शक्यता चित्रपट नाकारत नाही, पण तिचा पाठपुरावाही करीत नाही.

‘अक्वारियुस’ (२०१६) या याच दिग्दर्शकाच्या कथापटाशी तुलना केल्यास यामागील अडचण लक्षात येते. त्यातील क्लारा ही निवृत्त संगीतसमीक्षक रेसिफेच्या समुद्रकिनाऱ्यावरील आपली सदनिका बांधकाम कंपनीला विकण्यास नकार देते आणि इमारतीत एकटी राहून झगडते. तिची आठवण आणि तिची मालकी एकाच दाराआड नांदतात, म्हणून तिचा नकार कायद्यानेही नकार ठरतो. चित्रपटगृहाच्या बाबतीत ही सोय नाही. तेथे आठवण एकाची, मालकी दुसऱ्याची आणि वापर तिसऱ्याचा. ‘अक्वारियुस’मधील संताप ‘रेत्रातुस फांतास्मास’मध्ये का आढळत नाही, याचे कारण या तिढ्यात शोधावे लागेल. कोणाकडे बोट दाखवावे, हे येथे निश्चित नाही. दिग्दर्शकाने ते उसन्या आवेशाने निश्चित करण्याचा प्रयत्न केलेला नाही, ही त्याच्या जमेची बाजू.

अखेरच्या दृश्यात दिग्दर्शक रात्री भाड्याच्या मोटारीतून जात आहे. चालक सांगतो की त्याला अदृश्य होता येते, आणि होतोही. चालकाविना गाडी रेसिफेच्या रस्त्यांवरून पुढे जाते, बाहेर औषधांची दुकाने एकामागून एक सरकत राहतात. माहितीपटाने इथे उघडपणे कल्पिताचा आधार घेतला आहे. काही समीक्षकांना हा शेवट आगंतुक वाटू शकेल. तथापि वर्तमान शहरातील सामान्य माणूस या चित्रपटात प्रथमच येथे सविस्तर बोलतो आणि बोलताच दिसेनासा होतो, हे विसरता येत नाही. दिग्दर्शकाला आपली मर्यादा ठाऊक असावी, अशी शंका या दृश्यावरून येते.

ती शंका ‘ओ अजेंति सेक्रेतु’ (२०२५) या त्याच्या पुढील कथापटाने बळावते. १९७७ मधील रेसिफेत घडणाऱ्या या चित्रपटात साओ लुईस पुन्हा आहे, प्रक्षेपक आहे आणि त्याचे नाव आलेशांद्रे असेच आहे. या कथेच्या मध्येमध्ये आजच्या काळातील एक तरुण संशोधक जुन्या ध्वनिफिती ऐकत, त्यांतील बोलणे उतरवून घेत बसलेली दिसते. शेवटी ती नायकाच्या मुलाला भेटावयास जाते. तो आता प्रौढ डॉक्टर असून एका रक्तपेढीत काम करतो, आणि ती रक्तपेढी पूर्वीच्या चित्रपटगृहाच्या जागेवर आहे. बापाचा आवाज असलेली सामग्री ती त्याच्या हाती देते. त्याला बापाविषयी फारसे काही आठवत नाही, आणि तसे तो सांगतो. ती ऐकून घेते. बाहेर रक्तपेढीचे काम चालू असते.