'ओपनहायमर' आणि महाभारताचं दुसरं पान

'ओपनहायमर' २०२३ साली आला तेव्हा भारतात वाद झाला तो गीतेवरून. गीता कोणत्या दृश्यात यावी, एवढाच. मला विचाराल तर मुद्दा वेगळा आहे. नोलन गीतेपाशी थांबला. महाभारतातलं खरं पान पुढे होतं.

आधी सोपं करून बघूया. सामूहिक संहाराची शस्त्रं तीन प्रकारची: आण्विक, रासायनिक, जैविक. म्हणजे 'खूप मोठा स्फोट' ही व्याख्या इथेच कोसळते. विषारी वायूला स्फोटाची गरज नसते, रोगजंतू तर दिसतही नाहीत. मग तिघांत सारखं काय? समोर सैनिक आहे की पाळण्यातलं मूल, हे त्यांना कळत नाही. आणि एकदा सोडली की परत बोलावता येत नाहीत.

आता अश्वत्थामा आठवा. अस्त्र अर्जुनानेही सोडलं, पण त्याला ते मागे घेता आलं. अश्वत्थाम्याला आलं नाही. त्याने ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवलं. नंदुरबारच्या अस्तंभ्याला दिवाळीत लोक आजही त्याच्या यात्रेला जातात.

चित्रपटात १६ जुलै १९४५ची चाचणी डोळे दिपवते. ६ ऑगस्टचं हिरोशिमा मात्र दिसत नाही. स्लाइड्स चालू असताना आपण ओपनहायमरचा चेहरा बघतो. ही त्याचीच गोष्ट आहे, त्याच्याच नजरेतून आहे, हे मान्य. पण तीन तासांनी आपल्याला अपराधी कोणाला वाटलं ते कळतं. बॉम्ब माणसाचं काय करतो ते जेमतेम कळतं. उष्णता, दाबाची लाट, मग किरणोत्सर्ग. हिरोशिमात आईच्या पोटात किरणोत्सर्ग सोसलेली काही बाळं लहान डोक्याची जन्मली. उत्तरेच्या गर्भाची गोष्ट आठवतेय ना?

टौरंगात राहताना हे फार लांबचं वाटतं. पण इथल्या बंदरात अण्वस्त्रं घेऊन आलेलं किंवा अणुशक्तीवर चालणारं जहाज येऊ शकत नाही, कारण न्यूझीलंडने १९८७ साली तसा कायदा केला. भारतानेही आपला जाहीर केलेला रासायनिक अस्त्रांचा साठा २००९ पर्यंत नष्ट केला. अण्वस्त्रं मात्र ठेवली. म्हणजे सोडल्यावर नाही, तरी सोडण्याआधी अस्त्र मागे घेता येतं. आणि ते कुणा एका हुशार माणसाच्या पश्चात्तापाने होत नाही, लोकांनी धरून बसल्याने होतं.

चित्रपट जरूर बघा. फक्त उठताना 'त्याला काय वाटलं?' यावर थांबू नका. 'हे मागे कोण घेणार?' हेही विचारा.