युद्धोत्तर मोटारीचा हस्तनिर्मित देह : सौंदर्य आणि श्रेय

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटालियन मोटारींची चर्चा बहुधा वेग आणि देखणेपणा या दोन शब्दांत संपते. हे सौंदर्य कोणत्या उत्पादनपद्धतीतून आले आणि त्याचे श्रेय कोणाच्या नावे जमा झाले, हा प्रश्न मागे राहतो. ‘चिसितालिया २०२’ या मोटारीच्या आधारे त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पिएरो दुसिओ यांच्या तुरिन येथील कंपनीसाठी या मोटारीची बॉडी पिनिन फारिना यांच्या कारखान्यात घडली. युद्धपूर्व मोटारींत बॉनेट, मडगार्ड आणि दिवे हे सुटे अवयव वाटत. येथे ते एका सलग पृष्ठभागात सामावतात. बॉनेट मडगार्डपेक्षा खाली बसते. त्यामुळे उभी मोटारही जमिनीलगत धावत असल्याचा भास होतो. मात्र हा केवळ अलंकार नव्हे. इंजिन फियाट ११०० वरून घेतलेले, अवघे १०८९ घन सेंटिमीटरचे होते. शक्ती कमी म्हणून वजन आणि हवेचा विरोधही कमी हवा होता. अर्थात, या सौंदर्याचे मूळ काही अंशी साधनांच्या मर्यादेत आहे.

१९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आठ मोटारींचे प्रदर्शन भरविले. त्यात ‘चिसितालिया’ होती, तशी लष्करी उपयोगातून आलेली जीपही होती. एक अॅल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून घडविलेली, दोनशेच्या आतच थांबलेली. दुसरी लाखोंच्या संख्येने निघालेली. दोन्हींना आकाराच्या एकाच निकषावर तोलणे धाडसाचे होते. परंतु त्यामुळे उत्पादनपद्धतीतील हा मूलभूत भेद दृष्टिआड झाला. १९७२ मध्ये ‘चिसितालिया’ त्याच संग्रहालयाच्या कायम संग्रहात दाखल झाली, ती रचनाकाराच्या नावाने.

रचनाकाराचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. संपूर्ण देहाला एकसंधता देणारी दृष्टी त्याचीच असते. तथापि कागदावरील रेषा सपाट असते. तिला पत्र्यात गोलाई देताना कोठे ताणावे, कोठे दाबावे, याचा निर्णय हातोडा धरणारा हात घेतो. आपल्याकडील गॅरेजमध्ये प्रीमियर पद्मिनीचे चेपलेले मडगार्ड पूर्ववत करणाऱ्या डेंटरचे कौशल्य ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे पटवावे लागणार नाही.

पुढे सांगाडा आणि बॉडी एकजीव असलेल्या मोटारी सर्वत्र रूढ झाल्या आणि स्वतंत्र चॅसीवर बॉडी चढविण्याचा हा व्यवसाय आक्रसला. कारागीर गेले, नाममुद्रा उरल्या. म्हणूनच अशा मोटारीचे समीक्षण केवळ आकाराचे असून भागत नाही. ज्या श्रमाने आकार साकारला, त्याची नोंद घेतल्याखेरीज ते अपुरेच राहते.