निवड, पाठभेद आणि कर्तृत्व : ऑझी ऑस्बर्न यांच्या ‘द ऑझमन कमेथ’ या गीतसंकलनाची चिकित्सा

प्रस्तावना :
कलावंताच्या निवडक कृतींचे संकलन हे वरवर पाहता व्यापारी सोयीचे साधन वाटते. तथापि, निवड ही मूलतः समीक्षात्मक क्रिया आहे. काय ठेवले, काय वगळले, कोणता पाठ स्वीकारला आणि कोणाचे नाव छापले, या निर्णयांतून कलावंताची प्रतिमा घडत असते. अभ्यासक्रमातील ‘निवडक’ कविता शिकविणाऱ्या अध्यापकास हा प्रश्न परका नाही. हेवी मेटल या संगीतप्रकाराचे अग्रणी गायक ऑझी ऑस्बर्न (१९४८–२०२५) यांच्या लोकप्रिय गीतांचे ‘द ऑझमन कमेथ’ हे संकलन १९९७ साली प्रसिद्ध झाले. प्रस्तुत लेखात त्याचा याच दृष्टीने विचार करावयाचा आहे.

संकलनाचे स्वरूप :
इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात कामगार वस्तीतील चार तरुणांनी ‘ब्लॅक सॅबथ’ हा वाद्यवृंद उभा केला. गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके कारखान्यातील अपघातात तुटली होती. त्यामुळे पुढे त्यांनी गिटारच्या तारा सैल केल्या आणि या संगीताला जड, गडद स्वर लाभला. १९७० साली त्यांचा पहिला अल्बम आला. १९७९ मध्ये ऑस्बर्न वाद्यवृंदाबाहेर पडले आणि १९८० पासून त्यांची स्वतंत्र कारकीर्द सुरू झाली. या दोन्ही कालखंडांना एका नावाखाली आणणे हा प्रस्तुत संकलनाचा हेतू दिसतो. गीतांचा क्रम सामान्यतः कालानुक्रमी आहे.

पाठभेदाचे महत्त्व :
संकलनाचा सर्वांत मोलाचा भाग आरंभीच येतो. ‘ब्लॅक सॅबथ’ आणि ‘वॉर पिग्ज’ ही दोन गीते येथे परिचित रूपात नसून १९७० मधील वेगळ्या रूपात आहेत. ‘वॉर पिग्ज’ हे गीत व्हिएतनाम युद्धाच्या काळातील युद्धविरोधी गीत म्हणून ओळखले जाते. सामान्यांना मृत्यूच्या दारी लोटणारे सेनानी व राजकारणी हे त्याचे लक्ष्य आहे. पूर्वरूपात मात्र चेटकिणी, सैतान आणि जळणारी प्रेते यांचे चित्र अधिक ठळक आहे. गीताचे मूळ शीर्षकही चेटकिणींच्या रात्रीवरून घेतलेले होते. दोन्ही पाठ शेजारी ठेवले असता रूपक कसे पुसट होत गेले आणि राजकीय आशय कसा उघड झाला, हे लक्षात येते. केवळ अंतिम पाठ देणाऱ्या संकलनातून ही प्रक्रिया कळली नसती.

येथे पाठचिकित्सेचा दुसरा मुद्दाही उपस्थित होतो. ही ध्वनिमुद्रणे तळघरात सापडलेल्या जुन्या फिती म्हणून सादर करण्यात आली. वस्तुतः ती १९७० मधील बीबीसी रेडिओच्या कार्यक्रमासाठी झालेली होती. हस्तलिखिताच्या ‘सापडण्याची’ कथा आणि त्याचा खरा उगम यांत अंतर असू शकते, हे जुन्या मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास सांगावयास नको.

कर्तृत्वाचा प्रश्न :
संकलनाची मर्यादा त्याच्या एकनामी स्वरूपात आहे. ब्लॅक सॅबथची बहुतांश गीतरचना बेसवादक गीझर बटलर यांची होय. ऑस्बर्न यांच्या पहिल्या स्वतंत्र अल्बमची घडण गिटारवादक रँडी ऱ्होड्स आणि बेसवादक-गीतकार बॉब डेझ्ली यांच्याविना अशक्य होती. ‘मामा, आय ॲम कमिंग होम’ची शब्दरचना लेमी यांची आहे. ‘ओव्हर द माउंटन’ हे गीत ज्या १९८१ च्या अल्बममधील आहे, त्याच्या वेष्टनावर प्रत्यक्ष वाजविणारे डेझ्ली व ड्रमवादक ली केर्सलेक यांच्याऐवजी दुसऱ्याच वादकांची नावे छापली गेली. ‘बार्क ॲट द मून’चे श्रेय एकट्या ऑस्बर्न यांना मिळाले, गिटारवादक जेक ई. ली यांनी पुढे मुलाखतींतून आपला वाटा सांगितला. मानधन व श्रेयाच्या न्यायालयीन वादाच्या पार्श्वभूमीवर २००२ मध्ये तर पहिल्या दोन अल्बमांतील डेझ्ली व केर्सलेक यांचे वादनच काढून नव्याने मुद्रित करण्यात आले. २०११ च्या आवृत्तीत ते पूर्ववत झाले.

या संदर्भात परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या संत जनाबाईंचे उदाहरण उद्बोधक ठरते. त्यांचे अभंग नामदेवांच्या गाथेच्या आश्रयाने टिकले. तरीही ‘नामयाची जनी’ ही नाममुद्रा रचनेच्या अंगातच असल्याने, संग्रह दुसऱ्याच्या नावे असूनही कर्तृत्व लोपले नाही. ध्वनिमुद्रित संगीतात वादकाला अशी मुद्रा उपलब्ध नाही. त्याचे नाव वेष्टनावर राहते आणि वेष्टन बदलता येते. अर्थात नाममुद्रेने जनाबाईंचे नाव राखले, निवडीपासून त्यांना राखले नाही. जात्यावर दळणारी भाबडी जनी निवडीत वारंवार येते. विठ्ठलाला खडसावणारी जनी त्या मानाने कमी भेटते.

समारोप :
‘द ऑझमन कमेथ’ हे संकलन जेथे ‘सर्वोत्कृष्ट’ असल्याचा आग्रह सोडून दस्तऐवज बनते, तेथे ते श्रेष्ठ ठरते. जेथे ते अनेकांची निर्मिती एका प्रतिमेत विरघळवून टाकते, तेथे ते उणे पडते. ऑस्बर्न यांच्या आवाजातील आर्त, किंचित अनुनासिक स्वर या सर्व गीतांना जोडतो, हे मान्य करावेच लागते. परंतु जोडणारा स्वर म्हणजे एकमेव निर्माता नव्हे. ५ जुलै २०२५ रोजी ऑस्बर्न यांचा अखेरचा कार्यक्रम बर्मिंगहॅम येथे झाला. त्यात त्यांनी स्वतःच्या गीतांनंतर ब्लॅक सॅबथच्या मूळ तिन्ही सहकाऱ्यांसह गायन केले. एका नावामागील सामूहिकता त्या मंचावर प्रत्यक्ष दिसली. अवघ्या सतरा दिवसांनी त्यांचे निधन झाले. अशा निधनानंतर नवा श्रोता बहुधा संकलनाकडेच प्रथम वळतो. म्हणूनच निवडक पाठ हाती देणाऱ्याने, मग तो ध्वनिमुद्रण कंपनी असो वा अध्यापक, वगळलेल्या पाठांची व नावांची नोंद सोबत देणे आवश्यक ठरते.